गाठीपर्यंतची वाट

एका शिक्षक-शिबिरात आम्ही मेंदूच्या रचनेवर बोलत होतो. तास संपल्यावर एक बाई मागे थांबल्या. त्यांच्या सातवीच्या वर्गातल्या एका मुलाच्या मेंदूत गाठ निघाली होती. महिना-दीड महिना सकाळी उठल्याबरोबर त्याचे डोके दुखायचे, उलट्या व्हायच्या. पुढे पुढे फळ्यावरची वरची ओळ वाचायला तो अख्खी मान मागे टाकू लागला. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी कपाळाच्या वर केसांत एक लहान भोक पाडून ‘तुंबलेले पाणी मोकळे केले’, गाठीचा कणभर तुकडा तपासायला घेतला आणि नंतर किरणोपचार सुरू केले. गाठ काढली नाही. गावात मात्र बोलणे सुरू झाले, “डॉक्टरांनी हात टेकले.”

बाईंचा प्रश्न सरळ होता. “गाठ चित्रात स्वच्छ दिसते, कवटी उघडता येते, मग ती काढून का टाकली नाही? वर्गातली मुलं मला विचारतात. मी काय सांगू?”

तेव्हा घाईघाईत जे सांगितले त्याने त्यांचे समाधान झाले नसावे. आमचेही झाले नव्हते. आम्ही शल्यचिकित्सक नाही. पण हा प्रश्न जितका वैद्यकाचा आहे तितकाच भूगोलाचा आणि भौतिकशास्त्राचाही आहे. म्हणून तो इथे नीट सोडवून पाहू.

गाठ दिसते, पण वाट?

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम असते. जिवंत मेंदू खरवसासारखा मऊ असतो. बोटाने दाबला तर दबतो, ओढला तर फाटतो. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत तो अक्रोडासारखा टणक वाटतो, तेवढ्यापुरती आकृती फसवी आहे.

या मऊ पदार्थात दोन प्रकारचा माल आहे. पृष्ठभागावर काही मिलिमीटर जाडीचा करड्या रंगाचा थर. यात चेतापेशींची गर्दी. त्याखाली पांढरा भाग. यात चेतापेशींचे तंतू, म्हणजे एका भागातून दुसऱ्या भागाकडे आणि खाली मेरुरज्जूकडे जाणाऱ्या तारा. हाताची हालचाल, बोलणे, दिसणे, आठवण ठेवणे या सगळ्यांच्या तारा इथून जातात. त्वचा कापली तर भरून येते, हाड मोडले तर सांधते. मेंदूतला तुटलेला तंतू मात्र पुन्हा वाढून आपल्या जागी जोडला जात नाही.

आता गाठ पृष्ठभागावर असेल, तर कवटी उघडली की ती समोरच असते. पण गाठ मेंदूच्या मध्यभागी असेल तर? कवटीच्या कोणत्याही बाजूने आत जा, पाच ते आठ सेंटिमीटर अंतर कापावेच लागते, आणि त्या वाटेवर निरोगी मेंदू असतो. सरळ कापत गेलो तर गाठ निघेलही, पण मुलगा बोलणे किंवा उजवा हात गमावून घरी येईल. म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर. खोल गाठीच्या शस्त्रक्रियेत गाठ कापणे हे अर्धेच काम असते. उरलेले अर्धे काम म्हणजे तिथपर्यंत जाऊन परत येणे, आणि ते आधी ठरवावे लागते.

वर्गात करून पाहा

फ्लॉवरचा एक घट्ट गड्डा आणा. खालून देठात पेन्सिलीने भोक पाडून एक वाटाणा मध्यभागी, तुऱ्यांच्या मुळाशी ढकला आणि भोक बुजवून टाका. मुलांच्या एका गटाला सुरीने थेट वरून कापत जाऊन वाटाणा काढू द्या. तसाच दुसरा गड्डा दुसऱ्या गटाला द्या. त्यांनी तुरे हलकेच बाजूला करून, मधल्या फटींतून चिमट्याने वाटाणा काढायचा. शेवटी दोन्ही गटांनी मोडलेले तुरे मोजायचे.

मग तिसरा गड्डा घ्या आणि काही तुऱ्यांवर शाईने ठिपके द्या: हा ‘बोलणे’, हा ‘उजवा हात’, हा ‘नजर’. आता वाट पुन्हा ठरवायला सांगा. ठिपक्यांमुळे जवळची वाट सोडून लांबची घ्यावी लागते, हे मुलांच्या आपोआप लक्षात येते. शल्यचिकित्सकही हेच करतात.

निसर्गानेच ठेवलेल्या फटी

मेंदूतही अशा फटी आहेत. तो अखंड गोळा नाही. त्याचे दोन अर्धगोल मधल्या खोल भेगेने वेगळे झालेले असतात. प्रत्येक अर्धगोलाला बाजूला, कानशिलाच्या आत, एक लांब घडी असते. मोठा मेंदू आणि लहान मेंदू यांच्यामध्ये आवरणाचा एक आडवा पडदा असतो. शिवाय मेंदूच्या पोटात द्रवाने भरलेल्या चार पोकळ्या आहेत. त्यांपैकी तिसरी पोकळी ही अगदी मध्यभागी, उभ्या चिरेसारखी अरुंद. तिच्या आसपासच्या गाठींपर्यंत कोणत्या वाटांनी जाता येते ते पाहू.

पहिली वाट वरून. डोक्याच्या माथ्यावर, मध्यरेषेलगत कवटीचा छोटा तुकडा काढायचा आणि दोन अर्धगोलांमधल्या भेगेतून खाली उतरायचे. भेगेच्या तळाशी पांढराशुभ्र जाड पट्टा लागतो. डाव्या-उजव्या अर्धगोलांना जोडणाऱ्या सुमारे वीस कोटी तंतूंचा तो पूल असतो. त्यात पुढच्या बाजूला साधारण दोन सेंटिमीटरची चीर दिली की पोकळीत प्रवेश मिळतो. तंतू तुटतात, पण एवढ्या लहान चिरेने रोजच्या व्यवहारात बहुधा फरक जाणवत नाही. तिसऱ्या पोकळीच्या तोंडाशी होणारी, चिकट द्रवाने भरलेली कोलॉइड सिस्ट नावाची गाठ या वाटेने काढतात. वाटेत दोन अडथळे असतात. वरच्या बाजूला मेंदूतून मध्यरेषेवरच्या मोठ्या नीलेत जाणाऱ्या शिरा आहेत. त्या तुटल्या तर त्या भागातले रक्त तुंबते. तळाशी फॉर्निक्स नावाचे तंतूंचे दोन जुडगे आहेत. त्यांना इजा झाली तर नव्या आठवणी साठवणे अवघड होते.

हीच गाठ कपाळामागच्या मेंदूतून आरपार जाऊनही गाठता येते. तिथे शिरांचा धोका कमी, पण मेंदूच्या पृष्ठभागाला छेद द्यावा लागत असल्याने पुढे फिट येण्याची शक्यता वाढते. कोणतीही वाट फुकट नाही; कुठे काय मोजावे लागेल एवढाच फरक.

दुसरी वाट खालून, चक्क नाकातून. पोषग्रंथी मेंदूच्या तळाशी, हाडाच्या एका खोबणीत बसलेली असते, आणि त्या हाडाच्या खाली नाकामागची हवेची पोकळी असते. वरून जायचे तर अख्खा मेंदू उचलून धरावा लागेल. खालून मधे फक्त पातळ हाड आहे. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकचे हेरमान श्लोफर यांनी १९०७ मध्ये या वाटेने पोषग्रंथीची गाठ प्रथम काढली. अमेरिकेत हार्वी कुशिंग यांनीही ती अनेक वर्षे वापरली, पण पुढे सोडून दिली. अरुंद खोल भोगद्यात पुरेसा उजेड नाही, दिसत नाही, ही मोठी अडचण होती. एडिंबरोचे नॉर्मन डॉट आणि पॅरिसचे जेरार गिओ यांनी ही वाट जिवंत ठेवली. १९६० च्या दशकात माँट्रियलचे ज्यूल्स हार्डी यांनी तिथे सूक्ष्मदर्शक नेला आणि वाट पुन्हा रुळली. आज पोषग्रंथीच्या बहुतेक गाठी नाकातूनच काढतात, बऱ्याचदा दुर्बिणीने.

तिसरी वाट बाजूने. कानशिलाजवळची घडी सूक्ष्मदर्शकाखाली अलगद उलगडली की मेंदूचा एक लपलेला भाग समोर येतो. झुरिकचे गाझी याशारगिल यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ही वाट शिस्तबद्ध केली. या घडीत मेंदूची एक मोठी रोहिणी आणि तिच्या फांद्या असतात. तिच्यापासून निघणाऱ्या काही रोहिण्या एक मिलिमीटरहूनही बारीक. पण त्यांतली एखादी बंद पडली तरी अर्धे अंग लुळे पडू शकते.

पिनिअल ग्रंथीची गोष्ट

बाईंच्या विद्यार्थ्याची गाठ बहुधा चौथ्या वाटेवरची होती. डॉक्टरांचे कागद आम्ही पाहिलेले नाहीत. पण वर बघता न येणे, डोकेदुखी, उलट्या आणि मध्यभागी तुंबलेले पाणी, हे वर्णन पिनिअल ग्रंथीच्या गाठीशी जुळते.

वाटाण्याहून लहान अशी ही ग्रंथी तिसऱ्या पोकळीच्या मागच्या टोकाला, मेंदूच्या जवळजवळ केंद्रस्थानी असते. तिच्या लगेच खाली एक बारीक नळी आहे. मेंदूच्या पोकळ्यांत दिवसाला सुमारे अर्धा लिटर मेरुद्रव तयार होतो, पण प्रौढाच्या डोक्यात आणि पाठीच्या कण्यात मिळून एका वेळी असतो जेमतेम दीडशे मिलिलिटर. म्हणजे तो सतत वाहत राहून रक्तात शोषला जायला हवा. गाठीने ती नळी दाबली की वरचा द्रव तुंबतो आणि कवटीच्या आतला दाब वाढतो. रात्रभर आडवे पडल्याने तो आणखी वाढतो, म्हणून दुखणे सकाळी जास्त. नळीलगतच नजर वर नेण्याचे नियंत्रण करणारा भाग आहे. तो दबला की डोळे वर जात नाहीत आणि मूल मान मागे टाकते.

इथपर्यंत पोचायचे कसे? बर्लिनचे फेडोर क्राउझे यांनी मागून जायचे ठरवले. डोक्याच्या मागच्या बाजूने, लहान मेंदू आणि त्याच्यावरचा आडवा पडदा यांच्यामधून ते शिरले. १९१३ मध्ये त्यांनी या भागातली गाठ यशस्वीरीत्या काढल्याची नोंद आहे. या वाटेतली युक्ती पाहण्यासारखी आहे. रुग्णाला बसवून शस्त्रक्रिया केली तर लहान मेंदू स्वतःच्या वजनाने किंचित खाली झुकतो आणि फट आपोआप रुंदावते. जे काम धातूच्या पट्टीने ढकलून करायचे, ते गुरुत्वाकर्षण अधिक हळुवारपणे करते. पण बसलेल्या माणसाचे डोके हृदयाच्या वर असते, त्यामुळे तिथल्या नीलांतला दाब वातावरणापेक्षा कमी होऊ शकतो. अशी नीला उघडी राहिली तर रक्त बाहेर येण्याऐवजी हवाच आत ओढली जाते. म्हणून भूलतज्ज्ञ हवेच्या बुडबुड्यांवर सतत लक्ष ठेवतात.

अमेरिकेत बाल्टिमोरचे वॉल्टर डँडी यांनी १९२१ मध्ये दोन अर्धगोलांमधल्या भेगेच्या मागच्या भागातून पिनिअलपर्यंत जाण्याची पद्धत मांडली. याच डँडींनी १९१८ मध्ये मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरण चित्र घेण्याची युक्ती काढली होती. क्ष-किरणांत मेंदू दिसत नाही, पण हवेच्या पोकळीचा आकार दिसतो. तो वेडावाकडा झाला असेल तर गाठ कुठे आहे याचा अंदाज येतो. त्या काळी एवढ्यावरच निघावे लागे. उजेड अपुरा आणि सूक्ष्मदर्शक नाही. त्यातच पिनिअलच्या भोवती मेंदूच्या आतल्या भागातले रक्त परत नेणाऱ्या मोठ्या नीलांचे जाळे आहे. शस्त्रक्रियेनंतर दगावणाऱ्यांचे प्रमाण इतके जास्त होते की अनेकांनी गाठीला हात लावणेच सोडले. नॉर्वेचे आर्ने टॉर्किल्डसेन यांनी १९३९ मध्ये नळी घालून तुंबलेला द्रव दुसरीकडे वळवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. गाठ तशीच ठेवायची, द्रवाला वाट करून द्यायची आणि किरण द्यायचे, असा मार्ग पुढे बराच काळ चालला.

१९७१ मध्ये अमेरिकेतल्या बेनेट स्टाइन यांनी क्राउझेंची जुनी वाट सूक्ष्मदर्शकासह पुन्हा वापरून दाखवली. त्याच वर्षी लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या सीटी यंत्रावर पहिल्या रुग्णाचे चित्र घेतले गेले. गाठ आधी दिसू लागली आणि वाटेतल्या नीला पाहून टाळता येऊ लागल्या. वाट क्राउझेंचीच होती, पण आता दिसू लागल्यामुळे ती चालण्याजोगी झाली.

फट नसेल तेव्हा

काही गाठी अशा जागी असतात की फटीतून तिथवर पोचताच येत नाही. तिथे थोडा मेंदू ओलांडावाच लागतो. मग ठिपक्यांच्या फ्लॉवरचा नियम लागू होतो: कमी महत्त्वाचा भाग निवडायचा आणि तंतू कापण्याऐवजी त्यांच्या दिशेने सरकत जायचे. पाण्याचे रेणू तंतूंच्या लांबीच्या दिशेने सहज पसरतात, आडवे कमी. एमआरआय यंत्राने हा फरक मोजून तंतूंचे नकाशे काढण्याची पद्धत १९९० च्या दशकात आली. त्यामुळे तारा कुठून गेल्या आहेत, त्या गाठीने कुठे ढकलल्या आहेत, हे शस्त्रक्रियेआधीच कळते.

वाट उघडी ठेवण्यासाठी पूर्वी धातूच्या अरुंद पट्ट्यांनी मेंदू बाजूला धरत. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे आपण शाळेत शिकवतो. पट्टीच्या कडेखाली क्षेत्रफळ थोडे, म्हणून दाब जास्त. तिथला रक्तपुरवठा थांबून मेंदूला इजा होई. आता काही ठिकाणी गोल टोकाची नळी हलकेच आत सरकवतात. तंतू सर्व बाजूंनी थोडे थोडे सरतात आणि दाब वाटला जातो. त्या नळीतून गाठ तुकड्यातुकड्याने बाहेर येते.

नकाशालाही एक मर्यादा आहे. कवटी उघडून द्रव वाहून गेला की मेंदू थोडा खाली बसतो आणि आधी घेतलेले चित्र जुळेनासे होते. म्हणून काही रुग्णालयांत शस्त्रक्रिया चालू असतानाच पुन्हा एमआरआय किंवा अल्ट्रासाउंड करतात. गाठ बोलण्याच्या तारांजवळ असेल, तर प्रौढ रुग्णाला मधे जागे ठेवून बोलायला लावतात. खुद्द मेंदूला वेदना कळत नाहीत. त्वचा आणि आवरण बधिर केले की पुरते. शब्द अडखळला की शल्यचिकित्सक तिथेच थांबतात.

काही लहान गाठींसाठी तर कवटी उघडावीच लागत नाही. स्टॉकहोमचे लार्स लेक्सेल यांनी १९६८ मध्ये वापरात आणलेल्या गॅमा नाइफ यंत्रात किरणांचे सुमारे दोनशे झोत वेगवेगळ्या दिशांनी एका बिंदूवर येतात. एकटा झोत दुबळा, वाटेतल्या मेंदूला फारसा अपाय करत नाही. सगळे मिळतात तिथेच मात्रा मोठी होते. भिंगाने ऊन एकवटून कागद जाळण्यासारखेच हे आहे.

काढायची की नाही?

आता बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. पिनिअल भागात अनेक जातींच्या गाठी होतात. काही किरणांना दाद देत नाहीत. त्या शस्त्रक्रियेनेच काढाव्या लागतात, आणि तेव्हा क्राउझे-स्टाइन यांची वाट कामी येते. पण किशोरवयातल्या मुलांमध्ये तिथे बरेचदा आढळणारी जर्मिनोमा नावाची गाठ किरणांनी विरघळल्यासारखी नाहीशी होते. योग्य उपचार मिळाले तर दहांपैकी नऊ किंवा त्याहून अधिक मुले बरी होतात. अशी गाठ काढण्यासाठी मोठ्या नीलांच्या जाळ्यात शिरणे म्हणजे विनाकारण जोखीम.

म्हणून आधी जात ओळखायची. काही गाठी रक्तात आणि मेरुद्रवात विशिष्ट पदार्थ सोडतात, ते तपासतात. तेवढ्याने कळले नाही तर तुकडा लागतो. इथे निसर्गाची आणखी एक वाट उपयोगी पडते. द्रव तुंबल्यामुळे पोकळ्या फुगून रुंद झालेल्या असतात. कपाळाच्या वर भोक पाडून बारीक दुर्बीण त्या पोकळ्यांतून तिसऱ्या पोकळीत नेता येते. तिथे पोकळीच्या पातळ तळाला एक छिद्र केले की तुंबलेल्या द्रवाला नवी वाट मिळते, आणि त्याच फेरीत मागे वळून गाठीचा तुकडा घेता येतो. रोगाने रुंद केलेला रस्ताच इलाजासाठी वापरायचा.

त्या मुलाच्या बाबतीत जे झाले ते या क्रमाशी तंतोतंत जुळते: द्रव मोकळा केला, तुकडा तपासला आणि मग किरण सुरू केले. किरणांचेही देणे असते. वाढत्या मेंदूवर त्यांचा परिणाम होतो. थकवा येतो, अभ्यासाचा वेग काही काळ मंदावू शकतो, संप्रेरकांच्या तपासण्या पुढे अनेक वर्षे कराव्या लागतात. तो शाळेत परत येईल तेव्हा त्याला पेपरला थोडा जादा वेळ लागेल, टोपी घालून बसावेसे वाटेल. ही माहिती त्याच्या शिक्षकांजवळ असली पाहिजे.

आणखी एक गोष्ट शिक्षकांच्या हातात आहे. डोके दुखणाऱ्या मुलांपैकी फारच थोड्यांना गाठ असते. उगाच घाबरू नये आणि घाबरवू नये. पण सकाळची डोकेदुखी आणि उलट्या आठवडे-दोन आठवडे चालू राहिल्या, मूल एकाच्या दोन वस्तू दिसतात म्हणाले, चालताना झोक जाऊ लागला, चांगले अक्षर अचानक बिघडले किंवा वर बघताना मान मागे जाऊ लागली, तर पालकांना बोलावून डॉक्टरांकडे जायला सांगावे. पित्त समजून यात महिने जातात. घरच्यांपेक्षा वर्गशिक्षकाला हे बदल कधी कधी आधी दिसतात, कारण फळा वर्गात असतो.

बाईंना आम्ही नंतर पत्र लिहिले. वर्गातल्या मुलांना सांगा, असे त्यात लिहिले, की डॉक्टरांनी हात टेकले नाहीत. त्यांना गाठीपर्यंत जायच्या चार-पाच वाटा ठाऊक होत्या. तुमच्या मित्राचे बोलणे, नजर आणि आठवणी जिथे कमीत कमी धोक्यात येतील अशी वाट त्यांनी निवडली. सोबत फ्लॉवरच्या प्रयोगाची कृतीही पाठवली.